पानाला भोक पडलं तर पडू द्या

आमच्या लहानपणी जूनच्या तोंडावर एक ठरलेलं काम असायचं. जुन्या वर्तमानपत्राच्या कागदाला गोडेतेल चोपडायचं आणि तो कागद दोऱ्याने ट्यूबलाइटला बांधून लोंबकळत सोडायचा. पहिला पाऊस झाला की दिवेलागणीला वाळवीची पंखवाली पाखरं झुंडीने यायची आणि त्या कागदाला चिकटून बसायची. तरी दोन-चार आमटीत पडायचीच. मग बाबा उठून दिवा घालवायचे आणि आम्ही स्वयंपाकघरातून येणाऱ्या उजेडात अंदाजाने घास घ्यायचो. सकाळी आई केरसुणीने पंखांचा ढीग लोटायची. काचेसारखे पंख, उचलायला गेलं की उडणारे.

गेल्या जूनमध्ये पुण्यात आमच्या चौथ्या मजल्यावर तसाच पाऊस झाला. दिवा चालू, खिडकी सताड उघडी, ताटं वाढलेली, आणि एकही पाखरू नाही. तेलाच्या कागदाची गोष्ट मुलीला सांगितली तर तिला वाटलं मी थट्टा करतेय.

पण इथे जरा थांबायला हवं. माझी आठवण हा काही पुरावा नव्हे. तेव्हा आम्ही तळमजल्यावर राहायचो, मागे शेत होतं आणि आसपास दुसरा दिवाच नव्हता, म्हणजे सगळ्या आळीतली पाखरं आमच्याच ट्यूबवर. आता खाली काँक्रीट आहे, वर चौथा मजला, समोर शंभर खिडक्यांचे दिवे. पाखरं संपली, की वाटली गेली, की इथवर पोचतच नाहीत? हे आठवणीने सांगता येत नाही. त्याला वजनकाटा लागतो.

तसा वजनकाटा जर्मनीतल्या क्रेफेल्ड शहरातल्या हौशी मंडळींकडे होता. तिथे १९०५ साली स्थापन झालेलं कीटकअभ्यासकांचं एक मंडळ आहे. ही मंडळी राखीव जंगलांत आणि कुरणांत तंबूसारखा जाळीचा सापळा लावत. उडता किडा जाळीला अडला की सहसा वर चढत जातो. तंबूच्या वरच्या टोकाला अल्कोहोलची बाटली असते, त्यात तो पडतो. ठरलेल्या दिवशी बाटली काढायची, अल्कोहोल निथळायचं, वजन करायचं आणि वहीत लिहायचं. प्रत्येक किड्याची जात ओळखत बसायचं नाही, नुसतं वजन. खरी गंमत त्यांच्या चिकाटीत आहे. सापळ्याचा आकार, जाळी, मांडायची पद्धत वर्षानुवर्षं तीच ठेवली. नाहीतर १९८९च्या बाटलीची २०१६च्या बाटलीशी तुलना करायला तोंडच राहिलं नसतं.

त्या २७ वर्षांचा, ६३ जागांचा हिशेब २०१७ साली प्रसिद्ध झाला. उडत्या कीटकांचं वजन सरासरी ७६ टक्क्यांनी घटलं होतं. ऐन उन्हाळ्यात, म्हणजे तिकडे किडे सगळ्यात जास्त असायच्या दिवसांत, ८२ टक्क्यांनी. चारातले तीन गेले असं समजा. आणि या जागा कारखान्यांशेजारच्या नव्हत्या, मुद्दाम राखलेल्या निसर्गाच्या होत्या.

त्यानंतर जगभर 'कीटकांचा प्रलय' अशा छापाचे मथळे आले. २०२० साली दुसऱ्या एका संशोधकगटाने १६६ दीर्घकालीन अभ्यास, जवळजवळ १,७०० जागांच्या नोंदी, एकत्र तपासल्या. चित्र थोडं वेगळं निघालं. जमिनीवरचे कीटक दर दहा वर्षांनी सुमारे ९ टक्के कमी होत होते. क्रेफेल्डइतकं भीषण नाही, पण ३० वर्षांत जवळपास चौथा हिस्सा साफ. उलट गोड्या पाण्यात वाढणारे कीटक दर दहा वर्षांनी सुमारे ११ टक्के वाढत होते. त्यातल्या बऱ्याच नोंदी युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या, जिथे नद्यांत सांडपाणी सोडण्यावर मधल्या काळात कडक कायदे आले. मला हा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो. किडा हा भराभर वाढणारा जीव आहे. त्याच्या नरडीवरचा पाय काढला की तो परत येतो.

आपल्याकडे असा सलग वजनकाटा कुणी ठेवला नाही. पण आडून एक खूण मिळते. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांचा मोठा अहवाल आला, सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर आधारलेला. त्यात दिसलं की किडे खाणारे पक्षी फळं आणि फुलातला मध खाणाऱ्या पक्ष्यांपेक्षा जास्त वेगाने कमी होताहेत. मेसमधली गर्दी घटली तर निदान भटारखान्यात डोकावून बघावं, इतकं तरी त्यावरून म्हणता येतं.

दुधी का गळतो

कीटक कमी झाले तर बिघडलं काय, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर झुरळ असतं. मी त्यांना त्यांच्याच गच्चीवर नेते.

गच्चीवर भाज्या लावणाऱ्यांची सगळ्यात मोठी तक्रार कोणती? 'दुधीला बारकी बारकी फळं धरतात, आठवड्यात पिवळी पडतात आणि गळतात.' मग कुणी सांगतं ताक घाला, कुणी म्हणतं बोरॉन कमी आहे. बऱ्याच वेळा भानगड साधी असते. दुधीला नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी. मादी फुलाच्या मागे बोटभर दुधी आधीच दिसतो, तो धरलेला नसतो, नुसती तयारी असते. नर फुलातला पराग तिथे पोचला तरच तो वाढतो. पोचवणारा कोण? दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं. अंधारात दिसावं म्हणूनच ते पांढरं. त्याचे पाहुणे म्हणजे रात्रीचे पतंग. दोडकाही संध्याकाळचाच. घोसाळं मात्र सकाळी उमलतं आणि त्यावर भुंगे, मधमाश्या येतात. म्हणजे एकाच मांडवावर दिवसपाळी आणि रात्रपाळी असे दोन वेगळे कामगार लागतात. शहरात रात्रपाळीचा माणूस येत नाही. मग आपण संध्याकाळी सातला नर फूल खुडून, पाकळ्या मागे सारून, मादी फुलावर फिरवत बसतो. मी हे दोन वर्षं केलं. एखाद्या वेलाला ठीक आहे. एकरभर डोंगळ्यांना, म्हणजे कांद्याच्या बियाण्याला, हे कोण करणार? म्हणून तर बीजोत्पादन करणारे शेतकरी मधपेट्या भाड्याने आणून शेतात ठेवतात.

जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी साधारण तीन-चतुर्थांश पिकांना थोडीफार तरी परागीभवन करणाऱ्या जिवांची गरज लागते. गहू, तांदूळ, ज्वारीला नाही, ती वाऱ्यावर किंवा स्वतःच्या बळावर भागवतात. म्हणजे किडे गेले तर आपण लगेच उपाशी मरणार नाही. भाकरी राहील, तिच्याबरोबरचं कालवण आणि नंतरचा आंबा अवघड होईल.

वांग्याचं फूल एकदा सकाळी आठच्या सुमारास निवांत बघा. मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा सुळका असतो. पराग त्याच्या आत बंद, आणि बाहेर यायला टोकाला फक्त बारीक भोक, मिठाच्या डबीसारखं. साधी मधमाशी येते, फिरते, हात हलवत जाते. मग निळसर पट्ट्यांची एक गुबगुबीत माशी येते, त्या सुळक्याला पायांनी कवटाळते, पंख न हलवता अंगातले उडायचे स्नायू थरथरवते. आवाज एकदम बदलतो. उडताना 'गुंSSS' असतो, तो वरच्या पट्टीत 'झ्झ्झ' होतो. आणि पराग भुकटीसारखा तिच्या पोटावर सांडतो. काळा मोठा भुंगाही हेच करतो. वांग्याचं थोडंफार वाऱ्याने भागतं, पण अशी थरथर मिळालेलं फूल चांगलं धरतं. या माश्या पोळं बांधत नाहीत, मध साठवत नाहीत, एकट्या राहतात. त्यांची पेटी भाड्याने मिळत नाही. त्या असतात किंवा नसतात.

सफाई कामगारांचं सांगायचं तर ऑस्ट्रेलियाचं उदाहरण पुरे. तिथे गाई-बैल बाहेरून नेलेले. तिथल्या शेणकिड्यांना कांगारूच्या कोरड्या लेंड्यांची सवय, गाईच्या ओल्या पोहाकडे ते ढुंकून बघेनात. शेण महिनोन्महिने तसंच पडून राही, खालचं गवत मरे आणि माश्या बेसुमार वाढत. शेवटी १९६०च्या दशकात सरकारी विज्ञानसंस्थेने परदेशांतून शेणकिडे आणून सोडायचा कार्यक्रमच हाती घेतला, तो वीसेक वर्षं चालला. आपल्याकडे गोठ्यामागे हे काम फुकट होतं, म्हणून त्याची किंमत दिसत नाही.

दिवा आणि पुडी

कारणं बरीच आहेत: झाडी तोडणं, जमीन काँक्रीटखाली जाणं, एकाच पिकाचे मैलोन्मैल पट्टे, हवामान. बागेपुरतं बोलायचं तर माझ्या मते दोन गोष्टी पुढे काढाव्यात, कारण त्या आपल्या हातात आहेत.

पहिली उजेड. इंग्लंडमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रस्त्याकडेच्या झुडपांतल्या अळ्या मोजल्या. जिथे पथदिवे होते तिथे, शेजारच्या अंधाऱ्या पट्ट्यापेक्षा, ४७ टक्के कमी अळ्या सापडल्या, आणि जुन्या पिवळ्या दिव्यांपेक्षा नव्या पांढऱ्या एलईडीखाली परिणाम वाईट होता. भंडारदरा, पुरुषवाडीकडे मे अखेरीला काजवे बघायला झुंडी लोटतात, तिथे हीच गोष्ट उघड्या डोळ्यांनी दिसते. काजव्याची लुकलुक म्हणजे नर-मादीचं बोलणं. त्यावर गाडीचे हेडलाइट आणि मोबाइलचे टॉर्च मारले की ते बोलणं कुणाला ऐकू जाणार? आणि आपण म्हणतो, यंदा काजवे कमीच होते बुवा. बाल्कनीतला शोभेचा दिवा रात्रभर जळत असेल तर तो झोपताना बंद करणं हे कीटकांसाठी करता येण्यासारखं सगळ्यात स्वस्त काम आहे. उलट वीजबिल वाचतं.

दुसरी गोष्ट औषध. हा शब्दच घोटाळ्याचा आहे. आपण विषाला 'औषध' म्हणतो आणि ते 'मारतो'. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही नावं कृषी सेवा केंद्रापासून नर्सरीपर्यंत सगळीकडे दिसतील. ही आंतरप्रवाही कीटकनाशकं, म्हणजे झाड ती शोषून घेतं आणि रसाबरोबर पानापानात पोचवतं. फवारा पाऊस धुऊन नेईल, हे झाडाच्या आतच असतं, त्यामुळे परागात आणि मधातही उतरतं. मधमाशी लगेच मरेलच असं नाही. पण थोड्या मात्रेनेही तिला घरची वाट सापडेनाशी होते, आणि पोळ्याच्या हिशेबात दोन्हींचा अर्थ एकच. युरोपीय संघाने २०१८ साली या गटातल्या तीन कीटकनाशकांचा उघड्यावरचा वापर बंद केला. आपल्याकडे कुंडीतल्या जास्वंदीवर पांढरे ढेकणे दिसले की नर्सरीवाला हीच पुडी हातात ठेवतो.

शेतकऱ्याला मी शहाणपण शिकवणार नाही, त्याचं पोट त्या पिकावर आहे. पण तुमच्या-माझ्या कुंडीतल्या शेवंतीवर कुणाचं पोट आहे?

आणि कुंडीत ती पुडी कामही करत नाही. मावा घ्या. शेवंतीच्या शेंड्याला मावा दिसतो, आपण फवारतो, मावा मरतो. त्याच वेळी त्यावर टपलेले ढालकिडे, म्हणजे लाल पाठीवर काळे ठिपके असलेले, आणि त्यांच्या अळ्याही मरतात. ही अळी दिसायला सुसरीच्या पिल्लासारखी, काळी आणि काटेरी, त्यामुळे लोक तिला आधी चिरडतात, आणि मावा खाण्यात तीच सगळ्यात पुढे. आता माव्याची मादी नराविना थेट पिल्लं घालते, आठवड्याभरात ती पिल्लं स्वतः आया होतात. ढालकिड्याला अंड्यापासून मोठं व्हायला तीनेक आठवडे लागतात. म्हणजे फवारल्यावर मैदानात परत कोण आधी येणार? मावा. मग पुन्हा फवारणी. मी हल्ली माव्यावर नळाच्या पाण्याचा जोरदार फवारा मारते आणि पंधरा दिवस कळ काढते. निंबोळी अर्कही 'नैसर्गिक' म्हणून सगळ्यावर शिंपडू नये. तो अळ्यांना मारतोच, मग ती फुलपाखराची का असेना.

फूल हॉटेल, पान माहेर

आता बाग. 'फुलपाखरांसाठी काय लावू?' याला नर्सरीत उत्तर मिळतं: पेंटास, झिनिया, लॅन्टाना. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. फुलावर मोठं फुलपाखरू मध प्यायला येतं, हॉटेलात यावं तसं. त्याची पिल्लं हॉटेलात वाढत नाहीत. त्यासाठी मादी एक ठरावीक झाड शोधते, त्याच्या पानाला पाय लावून चव बघते (तिची चव पायात असते) आणि पटलं तरच अंडं घालते. दुसऱ्या झाडाच्या पानावर ती अळी उपाशी मरेल पण खाणार नाही. झाडं स्वतःला वाचवायला पानात कडू, विषारी रसायनं भरतात. प्रत्येक जातीच्या अळीने पिढ्यान्‌पिढ्या एखाद-दुसऱ्या कुळातल्या झाडांचं विष पचवायची विद्या कमावलेली असते. त्यामुळे विलायती शोभेच्या झाडांनी गच्च भरलेली बाग आपल्याला हिरवीगार दिसते आणि अळीला ती प्लास्टिकची असते.

आपल्याकडची माहेरं बहुतेक घरात आधीच असतात. कढीपत्ता आणि लिंबू हे कॉमन मॉरमॉन आणि लाइम या फुलपाखरांचं. आपलं राज्यफुलपाखरू ब्लू मॉरमॉन, म्हणजे राणी पाकोळी, हेही लिंबाच्याच कुळावर. महाराष्ट्राने २०१५ साली ते जाहीर केलं, असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. रस्त्याकडेची रुई प्लेन टायगरची. कुंडीतली पानफुटी रेड पिअरोची, तिची अळी चक्क पानाच्या आत शिरून गर खात पुढे सरकते. सोनचाफा आणि सीताफळ टेल्ड जेचं. कण्हेर कॉमन क्रोची. पावसाळ्यात मोकळ्या प्लॉटवर उगवणारा टाकळा पिवळ्या फुलपाखरांच्या कामाचा असतो, आणि सोसायटीच्या ग्राउंड्स कमिटीला तो हटकून आधी दिसतो. ठाण्याला घोडबंदर रस्त्याजवळ ओवळेकर वाडीत फुलपाखरांची बाग आहे, तिथे एकदा जाऊन या. नर्सरीपेक्षा रानटी दिसते, आणि तेच तिचं इंगित आहे.

कढीपत्त्याची गोष्ट जवळून सांगते, कारण यावरच आमच्या घरात भांडण झालं होतं. सासूबाई फोडणीला पानं तोडायला गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, 'अगं, याला पक्ष्याने घाण केलीय बघ, धुऊन घे.' मी बघायला गेले तर ती घाण हळूच चालत होती. कॉमन मॉरमॉनची अळी लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट तपकिरी, मधे पांढरा फराटा. कोण खाणार तिला? त्याआधी तीनेक दिवस ती पानावर फिकट पिवळ्या मण्याएवढं अंडं होती, खसखशीपेक्षा थोडं मोठं. चार वेळा कात टाकून झाली की ती एकदम हिरवी होते, पानाच्याच रंगाची, आणि मानेपाशी डोळ्यांसारखे खोटे ठिपके येतात. तिला काडीने जरा डिवचलं की डोक्यामागून लालसर दुभंगलेली शिंगं बाहेर काढते आणि सडक्या लिंबासारखा आंबूस वास सोडते. सासूबाईंनी हे बघितलं आणि पोरीसारख्या हसल्या. त्या दिवसापासून कढीपत्त्याची वाटणी झाली: खालच्या फांद्या फोडणीच्या, वरच्या 'त्यांच्या'. झाड महिनाभर बोडकं दिसलं, मग पावसात पुन्हा भरलं. कढीपत्ता तसाही छाटल्यावर जोमाने फुटतो, हे आपल्याला माहीत असतंच. अळीने छाटला की मात्र जिवावर येतं.

सगळ्या अळ्यांची फुलपाखरं होत नाहीत, हेही सांगून टाकते, नाहीतर मुलं हिरमुसतात. आमच्या सात अळ्यांतल्या दोन पाहुण्या पक्ष्याने नेल्या, एकीच्या अंगातून बारीक गांधीलमाश्यांची पिल्लं निघाली. चारच कोश झाले. ते पक्षी आणि त्या गांधीलमाश्याही याच हिशेबात येतात. तुम्हाला अळ्यांचा उपद्रव होऊ नये ही व्यवस्था त्यांच्यामुळेच चालते.

आणखी एक ओळख करून देते. गुलाबाच्या पानाच्या कडेला कंपासने कापल्यासारखे अर्धगोल तुकडे गेलेले दिसतात ना? कड अगदी स्वच्छ, कुरतडल्याची खूण नाही. 'बागप्रेमी' गटांवर याचा फोटो टाकून लोक विचारतात, कोणता रोग, काय मारू? रोग नाही. पानकापी माशीचं काम आहे. ती तो तुकडा पायांत धरून उडते आणि बांबूच्या पोकळीत किंवा खिडकीच्या चौकटीतल्या भोकात त्याची गुंडाळी करून पिल्लासाठी कप्पा बनवते. आत परागाचा लाडू, त्यावर एक अंडं, वर पानाचं झाकण. गुलाबाला त्याने काडीचा फरक पडत नाही. तिला जागा द्यायची तर बोटाएवढ्या जाडीपेक्षा बारीक बांबूच्या नळ्या वीतभर कापून, एक टोक बंद ठेवून, छपराखाली बांधा. पावसाचं पाणी आत जायला नको, एवढंच.

बाकी जे करायचं त्यातलं निम्मं म्हणजे काहीतरी न करणं. कोथिंबीर, मुळा, मेथी फुलावर आली की आपण उपटतो. दोन रोपं राहू द्या, कोथिंबिरीच्या पांढऱ्या तुऱ्यावर ज्या बारीक माश्या येतात त्यांच्या अळ्या मावा खातात. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका, फुलोरी आणि पोया या छोट्या मधमाश्या त्यावर येतात. झेंडू, जास्वंद घेताना एकेरी पाकळ्यांचे घ्या. गच्च डबल फुलात मधाकडे जायला वाटच नसते, लग्नाच्या हॉलला दार नसावं तसं. आणि वाफ्यातली हातभर माती उघडी ठेवा, ना लॉन, ना पांढरे गोटे. मधमाश्यांच्या एकूण जातींपैकी बहुसंख्य जाती पोळी बांधतच नाहीत, जमिनीत बीळ करून राहतात.

कंपोस्टच्या बादलीत करड्या, जाडसर, वळवळत्या अळ्या दिसल्या की अर्धे लोक कंपोस्ट कायमचं सोडतात. त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असतात. मोठी झालेली माशी आपल्या अन्नावर बसायला येत नाही, आणि अळ्या ओला कचरा बघता बघता फस्त करतात. वरून सुका पाला टाका, झाकण लावा, विसरून जा.

'मग डासही पाळायचे का?'

नाही. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो: कुंडीखालची ताटली, गच्चीवरचा टायर, एसीच्या पाण्याची बादली. आठवड्यातून एकदा ती सगळी उपडी करून घासली तर पिढी तिथेच तुटते. फुलपाखरांसाठी पाण्याची ताटली ठेवायची असेल तर उथळ ठेवा, खडे घाला आणि दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. याउलट सोसायटीत संध्याकाळी जो धुराचा फवारा फिरतो तो उडत्या डासांना तेवढ्यापुरता मारतो, पाण्यातल्या अळीला त्याचं काही होत नाही, आणि वाटेत जे येईल ते मरतं, डास खाणाऱ्या चतुरासकट. आमच्या सोसायटीच्या सभेत मी हा विषय दोनदा काढला. पहिल्यांदा मला 'निसर्गवाली' हे नाव पडलं. दुसऱ्यांदा ठरलं की साथ असेल तेव्हाच धूर, एरवी दर रविवारी ताटल्या-टाक्यांची तपासणी. तपासणीला आम्ही तिघंच येतो, ते सोडा.

पार्किंगवरच्या छज्जाला आग्या मोहोळ लागलं की मात्र माझीही भीतीने गाळण उडते, ते नाकारत नाही. पण ते रात्री मशाल लावून जाळायची गरज नसते. आग्या माश्या हंगामाप्रमाणे गावं बदलतात, काही महिन्यांत पोळं सोडून स्वतःच जातात. उंचावर, वर्दळीपासून दूर असेल तर खाली पाटी लावून वाट बघावी. अगदी वाटेत असेल तर जाणकार माणूस बोलवावा. आपल्या राज्यात महाबळेश्वरजवळचं मांघर हे गाव २०२२ साली 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं, तिथल्या घरांना सातेरी माशी उत्पन्न देते. एकाच जिवाच्या चुलत भावंडांना आपण एकीकडे पेटीत पाळतो आणि दुसरीकडे रॉकेल ओतून जाळतो.

बाल्कनीने शेकडो एकरांवरची फवारणी भरून निघणार नाही, हे मला दिसतं. पण लहान एकट्या माश्या घरट्यापासून फार तर काही शे मीटर उडतात. त्यांच्यासाठी शहर म्हणजे सलग वाळवंट आहे की मधे मधे पाणपोया आहेत, हे अशाच कुंड्यांवर ठरतं. एका इमारतीतल्या पाच गॅलऱ्यांत तुळस आणि कढीपत्ता असेल तर तो पल्ला पार होतो.

आणि वही ठेवा. क्रेफेल्डच्या लोकांकडे होती म्हणून आज आपल्याला आकडा तरी माहीत आहे. माझ्या वडिलांकडे फक्त तेलाचा कागद होता. पद्धत सोपी आहे. एकच फुललेलं झाड निवडायचं, ऊन असताना दहा मिनिटं समोर बसायचं आणि जे जे फुलाला टेकेल ते मोजायचं. नाव येत नसेल तर 'बारीक काळी', 'पट्टेवाली निळी' असं लिहायचं. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात, त्याच वेळी, त्याच झाडासमोर. सप्टेंबरात देशभर फुलपाखरांची गणना चालते, वहीतली फुलपाखरांची नोंद तिथेही देता येते. आमची वही आता मुलीकडे आहे. परवाची नोंद तिच्या अक्षरात अशी:

'रविवार, सकाळी ९.४०, तुळस, कडक ऊन. फुलोरी ११. पोया ३. पट्टेवाली निळी १. ढालकिडा १, पण तो फुलावर नव्हता, भांड्याच्या काठावर होता, म्हणून मोजला नाही. आजीने मधेच मंजिरी तोडली.'